मताचा हक्क मागणाऱ्या परिषदांमध्ये मत कोणाचं धरायचं?

प्रश्न इतिहासाच्या एका विद्यार्थिनीचा आहे. ती विचारते: एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी एवढ्या परिषदा भरल्या. तेव्हा घरोघरी फोन नव्हते, बायकांच्या हातात पैसा नव्हता, एकटीदुकटीने प्रवास करणं लोकांच्या डोळ्यावर यायचं. मग या परिषदांच्या 'डेलिगेट', म्हणजे प्रतिनिधी, निवडायचं कोण, त्या पोचायच्या कशा, आणि त्यांच्या निवडीने खरंच काही फरक पडायचा का?

मी तीस वर्षं महिला संघटनांच्या अधिवेशनांमध्ये नोंदणीच्या टेबलावर बसले आहे. पावतीपुस्तक, हजेरीपट, बिल्ले, मुक्कामाच्या खोल्यांची यादी, परतीच्या गाड्यांच्या वेळा, हे माझं काम. त्यामुळे अमेरिकेतल्या त्या परिषदांचे छापील वृत्तान्त हाती आले तेव्हा मी भाषणांची पानं मागे ठेवली आणि आधी हिशोबाची आणि समित्यांची पानं वाचली. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: फरक पडायचा, फार पडायचा. सभागृहात जमलेल्यांपैकी मत कोणाचं मोजायचं, या एका प्रश्नावरून ही चळवळ एकदा फुटली, वीस वर्षांनी जुळली, आणि जुळल्यावर आपल्याच संस्थापिकेच्या विरोधात तिने ठरावही केला.

सुरुवात करायची तर न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्सच्या १८४८ मधल्या परिषदेपासून नको, १८४० पासून कर. त्या वर्षी जूनमध्ये लंडनला गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली. अमेरिकेतल्या काही संस्थांनी आपल्या प्रतिनिधींमध्ये स्त्रियाही पाठवल्या होत्या. ल्युक्रिशिया मॉट त्यातल्या एक. त्या रीतसर नेमलेल्या प्रतिनिधी होत्या, समुद्र ओलांडून आल्या होत्या. परिषदेने पहिला दिवस त्यांना बसू द्यायचं की नाही यावर वाद घालण्यात घालवला आणि शेवटी नाही म्हटलं. बायकांना बाजूला वेगळ्या जागी बसवलं, ऐका पण बोलू नका म्हणून. गुलामगिरीविरोधी चळवळीचे पुढारी विल्यम लॉइड गॅरिसन उशिरा पोचले, त्यांना हे कळलं तेव्हा ते व्यासपीठावर गेलेच नाहीत, बायकांबरोबर जाऊन बसले. नुकतं लग्न होऊन नवऱ्याबरोबर आलेली एलिझाबेथ केडी स्टँटन हे सगळं पाहत होती. आपण स्वतः एक परिषद भरवू, हे तिचं आणि मॉट यांचं बोलणं तिथलंच. प्रतिनिधी म्हणून नेमणूक होऊनही नाकारलं जाणं, तिथून ही गोष्ट सुरू होते.

पण प्रत्यक्ष सेनेका फॉल्सची परिषद भरली तेव्हा तिला प्रतिनिधी असे नव्हतेच. ९ जुलै १८४८ ला वॉटर्लू गावी जेन हंट यांच्या घरी चहाला पाच जणी जमल्या: मॉट, त्यांची बहीण मार्था राइट, मेरी ॲन मक्लिंटॉक, स्वतः हंट आणि स्टँटन. ठरलं आणि लगेच स्थानिक वर्तमानपत्रात एक छोटं निवेदन दिलं: १९ आणि २० जुलैला वेस्लियन चॅपेलमध्ये सभा, पहिला दिवस फक्त स्त्रियांसाठी, दुसरा सर्वांसाठी. हातात जेमतेम दहा दिवस, तेही शेतीच्या ऐन हंगामात. तरी सुमारे तीनशे माणसं आली.

कशी आली, हे समजून घेण्यासारखं आहे. त्या पट्ट्यात क्वेकर पंथाची कुटुंबं होती, गुलामगिरीविरोधी कामात वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखणारी. एका घरात बातमी गेली की चार घरांत पोचायची. आपल्याकडे वारीच्या दिंडीत कुणी वेगळं बोलावणं पाठवत नाही, माणूस आपोआप निघतो, कारण निघायची सवय आधीची असते. तसंच ते होतं. शार्लट वुडवर्ड नावाची एक तरुण मुलगी होती, घरी बसून हातमोजे शिवण्याचं काम करायची, कमाई मात्र तिच्या हाती राहायची नाही. ती मैत्रिणींबरोबर घोडागाडीत बसून आली. चॅपेलपाशी लोक जमले तर दाराला कुलूप. शेवटी स्टँटनच्या भाच्याला खिडकीतून आत चढवलं आणि त्याने दार उघडलं. सभेची जागा ऐन वेळी बंद सापडणं मला नवं नाही, त्यामुळे हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो.

त्या सभेत स्त्रियांच्या हक्कांच्या जाहीरनाम्यावर शंभर जणांनी सह्या केल्या, ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुष. मताधिकाराचा ठराव सगळ्यात वादाचा होता. गुलामगिरीतून निसटलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस उभे राहून बोलले म्हणून तो तरला. तिथे कोण कोणाचं प्रतिनिधी होतं? कोणीच कोणाचं नाही. प्रत्येक सही आपल्यापुरती होती. शिवाय सभेचं अध्यक्षपद ल्युक्रिशियांचे पती जेम्स मॉट यांच्याकडे होतं, कारण बाईने सभा चालवावी हे अजून त्या बायकांनाही झेपत नव्हतं. दोनच आठवड्यांनी रॉचेस्टरला दुसरी सभा झाली. तिथे ॲबिगेल बुश यांना अध्यक्ष करायचं ठरलं तेव्हा मॉट आणि स्टँटन दोघींनीही आधी विरोध केला होता. बुश बसल्या, सभा नीट पार पडली आणि तो प्रश्न कायमचा मिटला.

पहिली खऱ्या अर्थाने राष्ट्रीय परिषद १८५० च्या ऑक्टोबरमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला भरली. तिच्या तयारीकडे मी नीट बघायला सांगेन. मे महिन्यात बॉस्टनला गुलामगिरीविरोधी सभा चालू होती. सभा संपल्यावर ज्यांना स्त्रियांच्या हक्कांबद्दल बोलायचंय त्यांनी थांबावं, असं सांगितलं गेलं. नऊ जणी थांबल्या, एका कोंदट मागच्या खोलीत. तिथून समिती झाली. काम मुख्यतः लूसी स्टोन आणि पॉलिना राइट डेव्हिस यांच्यावर आलं. मग स्टोन पश्चिमेकडे गेल्या, तिथे विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या, आणि सगळा भार डेव्हिस यांच्यावर पडला.

त्यांनी पत्रं लिहिली. या काळातल्या संघटनेचं मुख्य हत्यार म्हणजे 'कॉल', आपल्या भाषेत जाहीर निमंत्रणपत्रक. पण ते नुसतं पत्रक नव्हे. त्याखाली कोणाच्या सह्या आहेत यावर परिषदेची पत ठरायची. म्हणून डेव्हिस गावोगावच्या नामांकित लोकांना लिहीत होत्या: या विचाराला तुमचं नाव द्याल का? काहींनी नकार दिला, काहींनी उपदेश केला, काहींनी आनंदाने होकार दिला. शेवटी ८९ नावांनिशी पत्रक निघालं. परिषदेला हजाराच्या आसपास माणसं आली, पण सदस्य म्हणून नोंद झालेली नावं अडीचशेच्या थोडी वर. प्रेक्षक आणि सदस्य यांच्यात पहिली रेघ इथे ओढलेली दिसते.

हे जमलं त्यामागे टपालाचाही हात होता, आणि याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. अमेरिकेत १८४५ आणि १८५१ मध्ये टपालाचे दर एकदम खाली आले. १८५१ नंतर तीन सेंटचं तिकीट लावलं की साधं पत्र तीन हजार मैलांपर्यंत जायचं. घरखर्चातून वाचवलेल्या पैशांवर संघटना चालवणाऱ्या बाईला हा दर किती मोठा आधार असेल, याचा विचार कर. स्टँटनसारखी सात मुलांची आई घराबाहेर पडू शकत नव्हती. १८५० च्या दशकातल्या राष्ट्रीय परिषदांना ती पत्रं पाठवायची, ती सभेत वाचून दाखवली जायची. राष्ट्रीय परिषदेत ती स्वतः पहिल्यांदा हजर झाली ती १८६० मध्ये.

दहा वर्षं परिषदा भरत होत्या, पण कायमची संस्था नव्हती. दरवर्षी एक मध्यवर्ती समिती नेमायची, तिने पुढच्या वर्षीचं गाव ठरवायचं, हॉल बघायचा, पत्रक काढायचं. १८५२ मध्ये सिरॅक्यूजच्या परिषदेत कायमची राष्ट्रीय संस्था काढावी असा विचार पुढे आला तेव्हा अँजेलिना ग्रिम्के वेल्ड यांनी पत्र पाठवून विरोध केला, लूसी स्टोनही विरोधात बोलल्या. चर्चच्या आणि गुलामगिरीविरोधी संस्थांच्या नियमावल्यांनी या बायका पोळल्या होत्या. घटना आली की कार्यकारिणी आली, कार्यकारिणी आली की गप्प बसवणं आलं, असा त्यांचा अनुभव. मला त्यांची भीती खोटी वाटत नाही. पण संस्था नसली की निर्णय हजर असणाऱ्यांच्या हाती जातो, आणि हजर कोण असतं? जवळ राहणारी, सवड असलेली, भाडं परवडणारी.

याच काळात सिरॅक्यूजच्या परिषदेतून आलेल्या सुझन बी. अँथनी यांनी दुसऱ्या टोकाने काम सुरू केलं. माझ्या मते प्रतिनिधित्वाचं खरं बी त्यांनी पेरलं. १८५३-५४ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाकडे अर्ज द्यायचा होता, विवाहित स्त्रीच्या कमाईवर आणि मुलांवर तिचा हक्क असावा म्हणून, आणि दुसरा मताधिकाराचा. अँथनींनी राज्यातल्या साठ काउंट्यांसाठी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांसाठी, साठ बायका नेमल्या, एकेका काउंटीची एकेक प्रमुख. दहा आठवड्यांत दोन्ही अर्जांवर मिळून दहा हजारांच्या आसपास सह्या गोळा झाल्या. पुढच्या वर्षी ख्रिसमसच्या दिवशी त्या स्वतः निघाल्या आणि भर थंडीत, बर्फात, घसरगाडीतून, राज्यातल्या ५४ काउंट्या पालथ्या घातल्या.

सह्या गोळा करणारी बाई दारोदार जाते, शिव्या खाते, दहा नावं आणते. तिच्या वहीत तिच्या भागाचा पत्ता असतो. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, गुलामगिरी बंद करणाऱ्या घटनादुरुस्तीसाठी याच बायकांनी चार लाखांच्या आसपास सह्या जमवल्या, तेव्हा ही साखळी किती लांब गेली होती ते दिसलं. परिषदेला 'अमुक भागातून आलेली' असं जे पुढे म्हणता आलं, ते या वह्यांमुळे.

आता फुटीकडे येते. युद्धानंतर १८६६ मध्ये समान हक्क संघटना झाली, कृष्णवर्णीय पुरुष आणि सर्व स्त्रिया यांच्या मताधिकारासाठी मिळून. मताधिकाराची पंधरावी घटनादुरुस्ती आली ती फक्त वंशापुरती, लिंगाचा उल्लेख नाही. १८६९ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला जे अधिवेशन झालं त्यात यावरून कडाक्याचं भांडण झालं. डग्लस म्हणत होते की कृष्णवर्णीयांसाठी हा जिवाचा प्रश्न आहे; स्टँटन आणि अँथनी दुरुस्तीला विरोध करत होत्या, आणि त्या विरोधात स्टँटन यांनी कृष्णवर्णीय पुरुषांबद्दल जी भाषा वापरली ती आजही वाचवत नाही. अधिवेशन संपल्यावर, १५ मे च्या संध्याकाळी, न्यूयॉर्कमध्ये उरलेल्या बायकांची बैठक झाली आणि तिथे राष्ट्रीय स्त्री मताधिकार संघटना उभी राहिली.

लूसी स्टोन यांच्या बाजूच्या लोकांचा आक्षेप नेमका यावर होता: ना आधी सूचना, ना गावोगावच्या संस्थांना बोलावणं, मग ही 'राष्ट्रीय' कशी? त्यांनी ऑगस्टमध्ये पत्रं पाठवली आणि २४ व २५ नोव्हेंबरला क्लीव्हलंडच्या केस हॉलमध्ये वेगळी परिषद बोलावली. तिच्या बोलावण्यातच लिहिलं होतं की ही प्रतिनिधींची परिषद आहे. राज्याराज्यांतल्या संस्थांनी माणसं निवडून पाठवायची, आणि संख्या त्या राज्याच्या काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतल्या, प्रतिनिधित्वाच्या प्रमाणात. प्रसिद्ध धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर अध्यक्ष झाले, अमेरिकन स्त्री मताधिकार संघटना झाली. अँथनी स्वतः तिथे गेल्या होत्या, त्यांना व्यासपीठावर बसवलं गेलं आणि त्या बोलल्याही.

दोन संस्था, दोन पद्धती. एकीत एक डॉलर वर्गणी भरली की तुम्ही सभासद. बैठकीला या आणि हात वर करा. हिची अधिवेशनं दर हिवाळ्यात वॉशिंग्टनला, कारण काँग्रेसवर दबाव आणायचा तर तिथेच हवं. दुसरीत निवडून आलेला प्रतिनिधी मत देणार, आणि अधिवेशन दरवर्षी नव्या शहरात. पहिली चपळ होती, धीट होती, तिच्या व्यासपीठावरून घटस्फोटापासून धर्मापर्यंत काहीही बोललं जायचं. दुसरी संथ होती, पण एखाद्या दूरच्या राज्यातल्या शिक्षिकेला तिथे आपल्या संस्थेचं नाव घेऊन उभं राहता यायचं.

या दोन पद्धतींमधला फरक मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या उमेदीच्या काळात एका जिल्हा अधिवेशनात नोंदणी माझ्याकडे होती. ठराव मतांना टाकला. अध्यक्ष म्हणाल्या, हात वर करा. यजमान गावच्या दोनशे बायका समोर बसलेल्या, आणि डोंगरातल्या तालुक्यातून सात तास एसटीने आलेल्या अकरा जणी मागच्या रांगेत. ठराव त्या अकरा जणींच्या गावांबद्दलच होता, पाणंद रस्त्याच्या कामाबद्दल. तो त्यांच्या मनाविरुद्ध मंजूर झाला. त्यांच्यातली एक मावशी जाताना माझ्या टेबलापाशी थांबली, बिल्ला काढून समोर ठेवला आणि म्हणाली, "ताई, हा घ्या, याचा काही उपेग झाला नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या अधिवेशनापासून आम्ही तालुकावार प्रतिनिधी ठरवले आणि मतासाठी वेगळ्या रंगाची पत्रं दिली. क्लीव्हलंडच्या त्या परिषदेचं बोलावणं मी जेव्हा वाचलं तेव्हा मला ती मावशी आठवली.

पोचायच्या कशा, याचं उत्तर आता देते. पहिली गोष्ट, मुक्काम. यजमान शहरातली स्वागत समिती घरं शोधायची. प्रतिनिधी म्हणून येणाऱ्या बाईची सोय कोणाच्या तरी घरी, जेवणासकट. त्यासाठी तिने आधी पत्राने कळवायचं. हॉटेलचा खर्च वाचायचाच, शिवाय एकटी बाई हॉटेलात उतरली या बोलण्यातूनही सुटका. आणि ज्या घरी ती उतरायची ते घर चार दिवसांत चळवळीच्या जवळ यायचं, हा फायदा वेगळाच.

दुसरी गोष्ट, रेल्वे. शतकाच्या शेवटच्या दशकांत अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या अधिवेशनांना सवलत द्यायच्या, पण तिची रीत किचकट होती. बाईने आपल्या स्टेशनवर जातानाचं पूर्ण भाड्याचं तिकीट काढायचं आणि तिकीटबाबूकडून छापील दाखला भरून घ्यायचा. लहान स्टेशनांवर दाखल्याचे कोरे नमुने असतीलच असं नाही, म्हणून आधी जाऊन विचारून ठेवायचं. साधी पावती घेऊन आलात तर उपयोग नाही. अधिवेशनाच्या ठिकाणी पोचल्यावर हा दाखला नेमलेल्या कार्यकर्तीकडे द्यायचा, तिने सही करायची, रेल्वेच्या माणसाने तपासायचा. ठरावीक किमान संख्येने दाखले जमा झाले तरच परतीचं तिकीट एकतृतीयांश भाड्यात. संख्या भरली नाही तर सगळ्यांनाच पूर्ण भाडं. म्हणून चळवळीच्या साप्ताहिकातून अधिवेशनाआधी पुन्हा पुन्हा बजावलेलं असायचं: दाखला घ्यायला विसरू नका. एका बाईचा विसराळूपणा दुसरीच्या परतीच्या भाड्यावर पडायचा. दाखले मोजत बसलेल्या त्या कार्यकर्तीच्या जागी मला मी दिसते.

पैशाचं बाकी थोडक्यात. संध्याकाळच्या सभांना पंचवीस सेंट प्रवेशमूल्य असायचं, त्यातून हॉलचं भाडं निघायचं. सभेतच झोळी फिरायची, वर्षभराच्या देणग्यांचे आकडे उभ्या उभ्या जाहीर व्हायचे. गरीब प्रतिनिधीचा प्रवासखर्च बहुधा तिच्या गावच्या मंडळाने चहापार्ट्या, विक्री वगैरे करून उभा केलेला.

१८८८ चं वॉशिंग्टन मात्र सविस्तर सांगते, कारण तिथे आपलं माणूस होतं. सेनेका फॉल्सला चाळीस वर्षं झाली म्हणून अँथनी आणि सहकाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय स्त्री परिषद बोलावली, २५ मार्च ते १ एप्रिल. या वेळी बोलावणं व्यक्तींना नव्हे, संस्थांना होतं. शिक्षण, दारूबंदी, धर्मादाय काम, कामगार, कोणत्याही कामातल्या स्त्रियांच्या राष्ट्रीय संस्थेने आपले प्रतिनिधी पाठवावेत. मताधिकाराला हो म्हणण्याची अट नाही. ५३ संस्थांनी प्रतिनिधी पाठवले. या पत्रव्यवहाराचा डोंगर रेचल फॉस्टर या तरुण चिटणीस बाईने उपसला.

स्टँटन तेव्हा इंग्लंडमध्ये होत्या आणि यायला तयार नव्हत्या. अँथनींनी खरमरीत पत्र लिहिलं. त्या आल्या, पण भाषण न लिहिता. अँथनींनी त्यांना रिग्ज हाउस हॉटेलातल्या खोलीत कागद-पेन देऊन बसवलं आणि भाषण पूर्ण होईपर्यंत बाहेर पडू दिलं नाही. जवळजवळ चाळीस वर्षांची मैत्री होती म्हणून हे चाललं.

त्या परिषदेत हिंदुस्थानच्या वतीने पंडिता रमाबाई बोलल्या. त्या १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या होत्या आणि विधवांच्या शाळेसाठी मदत उभी करत देशभर हिंडत होत्या. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या संस्था कशा चालतात हे त्यांनी आतून पाहिलं. परत आल्यावर १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' मराठीत प्रसिद्ध केलं, त्यात तिथल्या स्त्रियांचं शिक्षण, धंदे, मंडळं यांची वर्णनं आहेत. म्हणजे तुझ्या विषयाचा एक प्रत्यक्षदर्शी पुरावा मराठीत आहे, तो आधी वाच. आणि त्याच १८८९ च्या डिसेंबरात मुंबईला राष्ट्रीय सभेचं पाचवं अधिवेशन भरलं, तिथे प्रतिनिधींमध्ये दहाएक स्त्रिया होत्या, त्यांत रमाबाई. त्या अधिवेशनाला १,८८९ प्रतिनिधी आले. इतकी गर्दी झाली की पुढच्यासाठी प्रतिनिधींची संख्या लोकसंख्येच्या प्रमाणात बांधून देण्याचं ठरलं. क्लीव्हलंडचा प्रश्न वीस वर्षांनी मुंबईत येऊन उभा राहिला.

अमेरिकेतल्या दोन्ही संस्था १८९० च्या फेब्रुवारीत एक झाल्या. बोलणी तीन वर्षं चालली होती. स्टोन यांची मुलगी ॲलिस स्टोन ब्लॅकवेल हिने दोन्हीकडे ये-जा केली. नाव दोन्ही संस्थांचं जोडून घेतलं, अध्यक्षपद स्टँटनना दिलं, पण कामाची पद्धत घेतली ती स्टोन यांच्या बाजूची: राज्य शाखांनी दरडोई वर्गणी वर भरायची, भरलेल्या वर्गणीच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळायचे, आणि अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी अधिकारपत्र समितीने, म्हणजे प्रतिनिधींची नेमणूक तपासणाऱ्या समितीने, यादी वाचून दाखवायची. राष्ट्रीय संघटनेच्या जुन्या पुढारी मटिल्डा जोस्लिन गेज यांना हे विलीनीकरण पटलं नाही, सभासदांना नीट न विचारता केलं असं त्यांचं म्हणणं होतं. त्या बाहेर पडल्या.

त्यानंतर जे झालं त्यावर माझं मत ठाम आहे, पण दोन्ही बाजू सांगते. १८९५ च्या शेवटी स्टँटन यांच्या 'वुमन्स बायबल'चा पहिला भाग निघाला, बायबलमधल्या स्त्रीविषयक उताऱ्यांवर कडक टीका करणारा. गावोगावच्या शाखांना घाम फुटला, कारण त्यांच्या सभासद चर्चला जाणाऱ्या होत्या. १८९६ च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या अधिवेशनात ठराव आला की आपल्या संस्थेचा या पुस्तकाशी काही संबंध नाही. अँथनी अध्यक्षाच्या खुर्चीवरून उठल्या, खाली आल्या आणि विरोधात बोलल्या: आज हिच्या विचारांना बाजूला सारता, उद्या तुमच्यापैकी कोणाचा नंबर लागेल? तरी ठराव मंजूर झाला, ५३ विरुद्ध ४१ मतांनी. ज्या बाईने चहाच्या टेबलावर ही चळवळ उभी केली तिला ९४ प्रतिनिधींच्या मतदानात हार पत्करावी लागली. मला वाईट वाटतं, आणि तरी मी त्या ५३ जणींना दोष देत नाही. त्या आपल्या मागे गावी राहिलेल्या बायकांचं मत घेऊन आल्या होत्या. प्रतिनिधीने नेमकं हेच करायचं असतं. ठरावच चुकला असं मला वाटतं, पद्धत नव्हे.

पद्धतीचा खरा दोष दुसरीकडे होता, आणि तो तुझ्या निबंधात यायलाच हवा. प्रतिनिधी शाखेचा असतो. पण शाखेत कोणाला घ्यायचं हे कोण ठरवतं? १८९५ मध्ये अधिवेशन पहिल्यांदा वॉशिंग्टनबाहेर, जॉर्जियात अटलांटाला भरलं. दक्षिणेतल्या गोऱ्या बायकांना जोडायचं होतं. म्हणून अँथनींनी फ्रेडरिक डग्लस यांना तिथे येऊ नका असं सांगितलं, सेनेका फॉल्सला मताधिकाराचा ठराव ज्यांनी तारला त्याच डग्लसना. कृष्णवर्णीय बायकांनी शाखा काढायला मदत मागितली तेव्हा तीही नाकारली. हे अँथनींनीच आपल्याला सांगितल्याचं कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी आठवणींत लिहिलं आहे, आणि तुम्ही चुकलात असं त्यांनी तोंडावर सांगितल्याचंही. ज्यांना शाखाच काढू दिली नाही त्यांचे प्रतिनिधी मोजायला अधिकारपत्र समितीसमोर कधी येणारच नाहीत. यादी मग शंभर टक्के बरोबर असते आणि तरी अन्याय्य असते.

त्या बायका थांबल्या नाहीत. १८९५ च्या जुलैत जोसेफिन सेंट पिअर रफिन यांनी बॉस्टनला कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मंडळांची राष्ट्रीय परिषद बोलावली, गावोगावच्या मंडळांनी आपले प्रतिनिधी पाठवले, आणि पुढच्या वर्षी मेरी चर्च टेरेल यांच्या अध्यक्षतेखाली त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पत्रक, सह्या, मंडळं, अधिकारपत्रं, सगळी तीच हत्यारं, फक्त दार आपलं स्वतःचं. १८९८ मध्ये टेरेल गोऱ्या बायकांच्या त्या अधिवेशनात जाऊन बोलल्या.

कामाचं एक सांगते. कोणत्याही परिषदेचा छापील वृत्तान्त हाती आला की आधी अधिकारपत्र समितीचा अहवाल काढ. कोणत्या राज्याचे किती प्रतिनिधी यायला हवे होते आणि किती आले, ते एका कागदावर मांड. शेजारी त्या शहराचं अंतर लिही. मग ठरावांच्या मतदानाचे आकडे बघ. त्यानंतर भाषणं वाच. त्या यादीत कोणत्या राज्याचं, कोणत्या जमातीचं नावच नाही, ते वेगळ्या शाईने शेवटी लिही. माझ्या नोंदणीच्या वहीत मी अजूनही तसंच करते, न आलेल्या गावांची पानं तांबड्या शाईने.